घरगुती गिटार-अ‍ॅम्प : रूप आणि आवाज

इलेक्ट्रिक गिटारची तार नुसती छेडली तर तिचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंतही धड पोहोचत नाही. तारांखाली बसवलेल्या पिकअपमध्ये चुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे. तार कंप पावली की या वेढ्यांत क्षीण विद्युत्-संकेत उमटतो, साधारण एक दशांश व्होल्टपासून एक व्होल्टपर्यंतचा. या संकेताला स्पीकरचा पडदा हलवण्याइतके बळ देणारे यंत्र म्हणजे गिटार-अ‍ॅम्प्लिफायर, वादकांच्या तोंडी नुसता ‘अ‍ॅम्प’. घरच्या म्युझिक सिस्टिमने मूळ आवाज जसाच्या तसा द्यावा अशी अपेक्षा असते. गिटार-अ‍ॅम्पचे तसे नाही. तो आवाजाला स्वतःचा रंग चढवतो. त्याला जास्त जोर दिला की संकेताची टोके छाटली जातात आणि त्यातून येणारा फाटका, गुरगुरता स्वर ब्लूज आणि रॉकमध्ये मुद्दाम हवा असतो. म्हणूनच वादक अ‍ॅम्पला वाद्याचाच अर्धा भाग मानतात.

या यंत्राचे दुसरे अंग दिसण्याचे आहे. अ‍ॅम्प मंचावर वादकाच्या पाठीमागे उभा असतो, घरात तो फर्निचरसारखा वावरतो. त्यामुळे त्याची पेटी, कापड, रंग, नॉब आणि पॅनेलवरची अक्षरे यांना पहिल्यापासून महत्त्व मिळाले. हौशी कारागीर जेव्हा एखादी कल्पना धरून, म्हणजे जुना रेडिओ, प्रवासाची ट्रंक, जहाजाची केबिन, वारली चित्र असे काही ठरवून, स्वतः अ‍ॅम्प बांधतो, तेव्हा त्याला थीम-अ‍ॅम्प म्हणतात. अशा कामात नेहमी होते ते असे की आधी सर्किट जुळवले जाते, मग हाताला लागेल त्या खोक्यात ते बसवले जाते आणि सजावट अखेरीस उरकली जाते. प्रत्यक्षात पेटीचा आकार, जाळीवरचे कापड, नॉबची जागा, दिव्यांची संख्या यांतली प्रत्येक गोष्ट आवाजावर, खरखरीवर किंवा बॅटरीच्या आयुष्यावर परिणाम करते. म्हणून थीम पहिल्या दिवशीच ठरवावी आणि सर्किटसोबतच कागदावर उतरवावी, हे या विषयाचे मूलसूत्र आहे.

अ‍ॅम्पच्या रूपाचा इतिहास या सूत्राला पुष्टी देतो. १९३२ मध्ये अमेरिकेत जॉर्ज बोशाँ आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांच्या कंपनीने ‘फ्राइंग पॅन’ या टोपणनावाने ओळखली जाणारी इलेक्ट्रिक गिटार विक्रीला आणली. तिच्या जोडीला अ‍ॅम्प लागणारच होता. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडर यांनी १९४६ च्या सुमारास काढलेले पहिले अ‍ॅम्प पॉलिश केलेल्या लाकडाचे होते. सतत प्रवास करणाऱ्या वादकांच्या गाडीत अशा पेट्यांना ओरखडे पडणे अटळ होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस फेंडरने पाइनच्या पेट्यांवर सामानाच्या बॅगांना लावतात तसे तिरप्या विणीचे जाड सुती कापड चढवले आणि पुढे १९६० च्या आसपास व्हिनाइलचे आवरण आणले. प्रवासात टिकावे म्हणून निवडलेले ते पिवळसर कापड आज जुन्या अमेरिकन आवाजाची ओळख झाले आहे.

इंग्लंडमध्ये टॉम जेनिंग्स आणि डिक डेनी यांच्या व्हॉक्स कंपनीने एसी३० हा अ‍ॅम्प काढला. त्याच्या जाळीवरचे चौकटीच्या नक्षीचे तपकिरी कापड लांबूनही ओळखू येते. लंडनजवळच्या हॅनवेलमध्ये वाद्यांचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांच्याकडे १९६२ मध्ये तयार झालेला जेटीएम४५ हा फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पच्या सर्किटवर आधारलेला होता. बासमनची पेटी मागून उघडी आणि तिच्यात १० इंची चार स्पीकर. मार्शलने १२ इंची चार स्पीकर मागून बंद असलेल्या वेगळ्या पेटीत घातले. सर्किट जवळपास तेच असूनही पेटी आणि स्पीकर बदलल्याने आवाज घट्ट आणि आक्रमक झाला. मंचावर काळ्या पेट्यांची भिंत हे रॉकचे दृश्यचिन्ह झाले ते पुढच्याच काही वर्षांत.

थीमचा उघड विचारही तेव्हापासूनचा आहे. १९५० च्या दशकात ग्रेच कंपनीने काउबॉय ढंगाच्या गिटारांच्या जोडीला नक्षीदार कातड्याची किनार लावलेला अ‍ॅम्प आणला. १९६० च्या दशकात कॅन्सस राज्यातल्या चनूट गावी बड रॉस यांनी ‘कस्टम’ अ‍ॅम्प बनवले. त्यांवर शर्यतीच्या हौशी मोटारींच्या सीटसारखे गादी भरलेले, चमचमते, उभ्या पट्ट्यांचे व्हिनाइल असे. क्लिफ कूपर यांनी १९६८ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या ‘ऑरेंज’ने पेटीला थेट नारिंगी रंग दिला आणि १९७० च्या दशकातल्या काही अ‍ॅम्पवर अक्षरांऐवजी केवळ चित्रखुणा छापल्या. याच्या उलट टोकाला रॉक गायक-गिटारवादक नील यंग यांचा १९७८ चा ‘रस्ट नेव्हर स्लीप्स’ दौरा आहे. त्यात मंचावर माणसापेक्षा कितीतरी उंच अ‍ॅम्पच्या प्रतिकृती उभ्या केल्या होत्या. तो नेपथ्याचा भाग होता. खरा अ‍ॅम्प आणि अ‍ॅम्पचा देखावा यांतला फरक त्यातून स्पष्ट होतो. घरगुती थीम-अ‍ॅम्पला ही दोन्ही कामे एकाच पेटीत करायची असतात.

हाताने बांधलेल्या अ‍ॅम्पची परंपरा कारखान्यांच्या इतिहासाला समांतर चालते. अमेरिकेत सिगारच्या लाकडी खोक्यांपासून तंतुवाद्ये बनवण्याची चाल जुनी आहे आणि आज त्याच खोक्यांत छोटे अ‍ॅम्पही बसवले जातात. ब्रूस झिंकी यांचा ‘स्मोकी’ अ‍ॅम्प तर सिगारेटच्या पाकिटात मावतो. सर्वांत प्रसिद्ध घरगुती अ‍ॅम्प मात्र ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचा. त्यांचे बासवादक जॉन डीकन यांनी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली होती. १९७२ मध्ये लंडनमध्ये रस्त्यावरच्या कचऱ्याच्या हौदात त्यांना एक सर्किट-बोर्ड सापडला. तो त्यांनी पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढ्या स्पीकरच्या पेटीत बसवला आणि ९ व्होल्टची बॅटरी जोडली. त्याला व्हॉल्युमचा नॉबही नव्हता. बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी वडिलांसोबत घरी बनवलेली स्वतःची गिटार त्याला जोडली, आणि १९७५ मधल्या ‘गुड कंपनी’ या गाण्यात या जोडीने जाझ बँडमधल्या वाद्यांचा भास निर्माण केला. थोडी शक्ती, लहान पेटी आणि नेमका वापर एवढ्या भांडवलावर काय होऊ शकते, याचा हा नमुना आहे.

नवख्या कारागिरासाठी सर्किट निवडताना एलएम३८६ ही आठ पायांची आयसी सर्वांत सोयीची ठरते. नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीने मुळात रेडिओ आणि टेपरेकॉर्डरसारख्या छोट्या उपकरणांसाठी आणलेली ही आयसी ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालते, शांत असताना सुमारे ४ मिलिअँपिअर प्रवाह घेते आणि ८ ओहमच्या स्पीकरला साधारण अर्धा वॅट देते. बाहेरून काही न जोडता ती संकेत २० पट वाढवते. पहिल्या आणि आठव्या पायांत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की वाढ २०० पट होते आणि गिटारचा आवाज फाटू लागतो. पाचव्या पायावर विजेचा स्थिर दाब बॅटरीच्या निम्मा असतो, म्हणून स्पीकरच्या वाटेत मोठा कपॅसिटर घालावा लागतो. २२० मायक्रोफॅरडचा घातला तर ८ ओहमच्या स्पीकरसोबत सुमारे ९० हर्ट्झच्या खालचे स्वर क्षीण होतात. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झच्या जवळ वाजते. खर्जाला भरीवपणा हवा असेल तर ४७० मायक्रोफॅरड वापरणे योग्य.

या आयसीची एक उणीव ध्यानात ठेवावी लागते. तिचा प्रवेशरोध ५० किलोओहमच्या आसपास आहे आणि गिटारच्या पिकअपला १ मेगाओहमच्या जवळचा रोध मानवतो. गिटार थेट जोडली की वरचे स्वर बोथट होतात. त्यामुळे आयसीच्या आधी एका फेट ट्रान्झिस्टरचा टप्पा घालण्याचा प्रघात आहे. हे सगळे भाग अत्यंत स्वस्त असून मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सुटे मिळतात.

अर्धा वॅट ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण आवाज किती मोठा येईल हे वॅटइतकेच स्पीकरच्या कार्यक्षमतेवर ठरते. दोन स्पीकरांच्या कार्यक्षमतेत १० डेसिबलचा फरक असेल, तर चांगला स्पीकर दहापट कमी शक्तीत दुसऱ्याइतकाच आवाज देतो. खेळण्यातला २ इंची स्पीकर आणि गिटारसाठी बनवलेला ८ किंवा १० इंची स्पीकर यांत एवढा किंवा याहून जास्त फरक सहज पडतो. थीमसाठी लहान पेटी ठरवली की स्पीकर लहान होतो आणि त्याबरोबर खर्जही जातो. ८२ हर्ट्झच्या लहरीची लांबी ४ मीटरहून अधिक असते. मागून उघड्या लहान पेटीत स्पीकरच्या मागची हवा कडेने वळून पुढे येते आणि पुढच्या लहरीला खोडून काढते. पुढची फळी जितकी रुंद, तितके हे खोडणे कमी. मागून बंद पेटीत हा प्रश्न येत नाही, पण आतल्या हवेची गादी पडद्याला जखडते, म्हणून पेटी पुरेशी मोठी ठेवावी लागते. सारांश, पेटीच्या आकारावर शिक्कामोर्तब करण्याआधी स्पीकर हातात असावा आणि त्याची मापे आराखड्यात उतरलेली असावीत.

पेटीसाठी १२ ते १८ मिलिमीटरचा प्लाय सर्वांत भरवशाचा. एमडीएफ गुळगुळीत असतो आणि रंग छान घेतो, पण जड पडतो, त्याच्या कडेत स्क्रू धरत नाही आणि ओलाव्याने तो फुगतो. कोकणासारख्या दमट हवेत हा दोष लगेच जाणवतो. जुन्या वस्तूतच अ‍ॅम्प बसवायचा असेल तर त्या वस्तूचा स्वभाव आधी समजून घ्यावा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा बाहेरच्या विद्युत्-गोंगाटापासून सर्किटला आडोसा देतो, मात्र त्याचा पत्रा स्वतः वाजतो. आतून जाड फेल्टचे तुकडे चिकटवल्याने ते थांबते. लाकडी पेटी वाजत नाही, पण आडोसाही देत नाही. तिच्या आत सर्किटभोवती तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावून ती ग्राउंडला जोडावी लागते.

थीम निवडण्याची कसोटी अशी : अ‍ॅम्पच्या अपरिहार्य भागांना, म्हणजे स्पीकर, जाळी, नॉब, जॅक, स्विच आणि दिवा यांना, त्या कल्पनेत स्वाभाविक जागा आहे का? जुन्या रेडिओची थीम या कसोटीला पुरेपूर उतरते. मर्फी, बुश यांसारख्या व्हॉल्व्हच्या रेडिओंना मुळातच कापडामागचा स्पीकर, गोल नॉब आणि उजळणारी डायल असे. व्हॉल्युमचा नॉब मूळ व्हॉल्युमच्या जागी, टोनचा नॉब स्टेशन लावण्याच्या जागी आणि डायलच्या काचेमागे एलईडी, एवढ्यात थीम पूर्ण होते. मात्र यासाठी चालू स्थितीतला रेडिओ फोडू नये. आतून रिकामे झालेले खोके मिळवावे. आतले जुने यंत्र शिल्लक असेल तर ते मुळापासून काढून टाकावे. काही जुन्या रेडिओंत ट्रान्सफॉर्मर नसे आणि लोखंडी चासी थेट विजेच्या लाइनला जोडलेली असे. तिचा कोणताही भाग नव्या अ‍ॅम्पमध्ये राहणे धोक्याचे आहे.

वारली चित्राची थीम वेगळ्या मार्गाने जमते. पालघर जिल्ह्यातल्या वारली समाजाच्या चित्रांत तारपा-नृत्याचे दृश्य सुपरिचित आहे : मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नर्तकांची वळत जाणारी रांग. तारपा हे दुधी भोपळा आणि बांबू यांपासून बनवलेले फुंकवाद्य. स्पीकरची गोल जाळी वादकाच्या जागी कल्पून पुढच्या फळीवर त्याभोवती नर्तकांचे वर्तुळ रेखाटले, तर यंत्राचा मध्य आणि चित्राचा मध्य एकच होतो. गेरूच्या रंगाची पार्श्वभूमी, तांदळाच्या पिठाची आठवण देणारा पांढरा रंग आणि वर्तुळ-त्रिकोण-रेषांचे आकार एवढी मर्यादा पाळली की चित्र भरकटत नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि जगभरच्या प्रदर्शनांत नेली. लग्नप्रसंगी घराच्या भिंतीवर रेखाटला जाणारा चौक हा धार्मिक विधीचा भाग आहे. तो सजावटीसाठी उचलू नये, नृत्य, शेती, झाडे अशी रोजच्या जगण्यातली दृश्ये घ्यावीत. थीम कोणत्याही परंपरेतून घेतली तरी हा विवेक लागतो.

आराखड्यात थीम आणि सर्किट यांची सर्वांत जास्त ओढाताण पॅनेलवर होते. डोळ्याला समतोल हवा असतो : एका कडेला जॅक, दुसऱ्या कडेला नॉब. सर्किटला आखूड तारा हव्या असतात. गिटारचा जॅक आणि स्पीकरची तार जवळजवळ गेल्या तर वाढवलेला संकेत पुन्हा प्रवेशात शिरतो आणि अ‍ॅम्प शीळ घालू लागतो. २०० पट वाढीवर हे हमखास घडते. दूर बसवलेल्या नॉबपर्यंत जाळीदार आवरणाची शील्डेड तार न्यावी, ग्राउंडच्या सर्व तारा एकाच ठिकाणी आणाव्यात आणि स्पीकरची तार पेटीच्या दुसऱ्या बाजूने फिरवावी. एक जुनी युक्ती इथे कामाची आहे. गिटारसाठी स्टिरिओ जॅक वापरून बॅटरीचे ऋण टोक त्याच्या मधल्या पत्तीला जोडले की गिटारची पिन आत घातल्यावरच अ‍ॅम्प चालू होतो. वेगळ्या स्विचची जागा वाचते आणि पॅनेल मोकळे राहते.

आवरणाचे तीन मार्ग आहेत. पहिला रेक्झिनचा. फेविकॉल एसआरसारखा रबरी गोंद प्लायला आणि रेक्झिनच्या पाठीला दोन्हीकडे पातळ लावावा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबावे आणि मग एका कडेपासून दाबत जावे. एकदा टेकलेले रेक्झिन पुन्हा हलत नाही, म्हणून जोड मागच्या किंवा खालच्या बाजूला येईल अशी आखणी आधी करावी. या गोंदाची वाफ पेट घेते आणि डोकेही धरते. काम उघड्या खिडकीजवळ, विस्तवापासून दूर करावे. दुसरा मार्ग रंगाचा : फटींत लांबी भरून, प्रायमर देऊन, प्रत्येक थरानंतर बारीक पॉलिश पेपर फिरवून चित्र काढावे आणि वर पारदर्शक लॅकरचे पातळ थर द्यावेत. चित्राचा रंग आणि लॅकर एकमेकांना मानवतात का हे टाकाऊ तुकड्यावर पाहूनच मूळ पेटीला हात लावावा. तिसरा मार्ग लाकूड उघडे ठेवून पॉलिश करण्याचा. त्यात कोपऱ्यांचे सांधे लपत नाहीत, म्हणून सुतारकाम चोख लागते. कोणत्याही मार्गात पत्र्याचे कोपरे, हँडल आणि खाली रबरी पाय लावले की पेटी जास्त टिकते.

स्पीकरवरचे कापड निवडताना डोळ्याआधी कान वापरावा. कापड तोंडासमोर धरून फुंकर मारली असता हवा सहज पलीकडे गेली पाहिजे. त्याहून खात्रीची परीक्षा म्हणजे गाणे चालू असलेल्या स्पीकरसमोर कापड धरणे आणि काढणे : तीक्ष्ण स्वर कमी होत असतील तर ते कापड बाद. दाट विणीचे भरजरी कापड दिसायला देखणे असले तरी वरचे स्वर अडवते. खादीचे विरळ कापड किंवा सैल विणीचे गोणपाट चांगले चालते. विरळ कापडावरही रंग फासला तर त्याची छिद्रे बुजतात. नक्षी हवीच असेल तर ती जाळीभोवतीच्या लाकडी चौकटीवर काढावी.

सजावटीचे शेवटचे अंग म्हणजे दिवे आणि जोडलेल्या वस्तू. आयसी शांतपणी जेवढा प्रवाह घेते तेवढाच एक एलईडी १.५ किलोओहमच्या रोधासह घेतो. चार एलईडी लावले की शांत अवस्थेतला खप पाचपट होतो. उघडझाप करणारे दिवे त्याच बॅटरीवर चालवले तर त्यांची टिकटिक स्पीकरमधून ऐकू येते, म्हणून अशा दिव्यांना वेगळी बॅटरी द्यावी. साखळ्या, बिल्ले, पितळी अक्षरे, जुन्या घड्याळाची चाके अशा वस्तू ठरावीक स्वरांना खडखडतात. गिटारची जाड तार पहिल्या पडद्यापासून बाराव्यापर्यंत सावकाश वाजवत जावे, ज्या स्वराला खडखड होईल तिथे थांबून एकेक वस्तू बोटाने दाबून दोषी कोण ते शोधावे आणि तिच्याखाली फेल्ट किंवा रबराची चकती घालावी.

कामाचा क्रमही आवाजाच्या बाजूने ठरवावा. सर्किट आधी ब्रेडबोर्डवर चालवून पाहावे, मग सोल्डर करावे. पेटी रंगवण्याआधी सर्व भोके पाडून, स्पीकर आणि नॉब एकदा बसवून, वाजवून, पुन्हा काढून ठेवावे. रंग आणि कापड पूर्ण वाळल्यावरच अखेरची जुळणी करावी. रंग झाल्यावर ड्रिल चालवावे लागले तर आराखड्यात काहीतरी सुटले होते असे समजावे.

व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प या पहिल्या पायरीच्या पलीकडचे आहेत. त्यांत साधारण ३०० ते ४५० व्होल्टचा दाब खेळतो आणि मोठे कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही तो धरून ठेवतात. ही वीज जीवघेणी असते. व्हॉल्व्ह तापतात, त्यांना हवेची वाट लागते आणि कापडाने किंवा फोमने मढवलेली बंद पेटी तिथे आगीला निमंत्रण ठरते. धातूच्या चासीला अर्थिंग अनिवार्य असते. ज्यांनी बॅटरीवरचे दोन-तीन अ‍ॅम्प बांधून सोल्डर, ग्राउंड आणि मापन यांवर हात बसवला आहे, त्यांनीही व्हॉल्व्हचे काम जाणकाराच्या देखरेखीखालीच सुरू करावे. बॅटरीच्या अ‍ॅम्पमध्ये चूक झाली तर फार तर आयसी जळते, ती बदलून त्याच दिवशी पुन्हा काम सुरू करता येते. शिकण्यासाठी आणि थीमचे धाडसी प्रयोग करण्यासाठी हीच जागा योग्य आहे.